पुण्यातील सूतिकागृह आणि तेथील परिचारिका

'सूतक' हा शब्द हल्ली मराठीत मृताशौचासच लावतात. परंतु त्याचे मूळ 'सू' ह्या प्रसवार्थक धातूत असून संस्कृतात तो प्रथम जननाशौचाचा वाचक होता. सूतिका, प्रसूती हे त्याच कुळातील. आपली सुईणही त्यांचीच आप्त दिसते. जन्माच्या घरचा शब्द मरणाच्या घरी कसा नांदावयास गेला, ह्याचा निर्णय भाषाकोविदांनी करावा. आम्हांस तो येथे आठवला तो एवढ्याकरिता की, ज्या बाळंतिणीस दहा दिवस कोणी शिवत नसे, तिला शिवून तिचे सर्व करण्याचे काम ह्या पुणे शहरात कोणाकडे होते, असा प्रश्न त्यावरून मनात उभा राहिला. इस्पितळे बांधणाऱ्या दात्यांची नावे शिळांवर कोरलेली आहेत, नामांकित वैद्य-डॉक्टरांची चरित्रे झाली आहेत. बाळंतीण आणि अर्भक ह्यांच्या उशाशी रात्र काढणारीचे नाव मात्र बहुधा कोठेच नाही.

शास्त्रात तिला स्थान नव्हते असे नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य, औषध व रोगी ह्यांच्या पंक्तीस परिचारक बसविला आहे. आणि परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग व शुचिता हे त्याचे गुण म्हटले आहेत. सुश्रुताच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी जवळ असावयाच्या चार स्त्रियांचे वर्णन आहे. त्या प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. ह्या नखांवरून जंतुशास्त्र आमच्या पूर्वजांस अवगत होते असा डंका पिटणारे विद्वान आहेत. त्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. त्याच अध्यायात मातेचे दूध तीन-चार दिवसांनी उतरते असे धरून तोवर बालकास मध व तूप चाटविण्यास सांगितले आहे, आणि आजची परिचारिका नेमकी ह्याच चालीशी झगडत असते. पहिल्या दिवसाचा पिवळसर चीक हेच अर्भकाचे खरे अन्न होय, तो पहिल्या तासाच्या आत पाजावा, मध मुळीच देऊ नये, हे आता निर्विवाद ठरले आहे. ग्रंथाचा अभिमान धरावा, पण त्यापायी पोर उपाशी ठेवू नये.

पुण्याच्या वाड्यांतून बाळंतिणीची खोली बहुधा अंधारी असे. बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, अंगास तेल, बाळास गुटी, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. नाळ कापावयास सुईण येई. पुढील शेक, न्हाणे, धुणे हे पुष्कळदा घरातल्या एखाद्या विधवा आत्येच्या किंवा मावशीच्या वाट्यास येई. ती बाई दहा दिवस राबे. पण बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी सुवासिनीच्या हाती जाई, आणि हिने आड राहावे असा दंडक असे. जिच्या हातांवाचून बाळंतपण पार पडत नाही, तिचेच दर्शन मंगलप्रसंगी नको, ही विसंगती ध्यानात धरल्यावाचून पुढील इतिहास नीट उलगडणार नाही, असे आमचे मत आहे.

ह्या विसंगतीची दुसरी व अधिक भयंकर बाजू इ. स. १८६३ साली उघडी पडली. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने लोकलज्जेने आपले अर्भक मारले व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ह्या खटल्यानंतर जोतीराव फुले व सावित्रीबाई ह्यांनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशी त्याची योजना होती. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या टिपणात त्याचा हिशेब आहे: तोपर्यंत ३५ स्त्रिया तेथे बाळंत झाल्या, ५ मुले जिवंत राहिली, ३० दगावली, आणि गर्भ लपविण्याकरिता मातांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झाल्यामुळे ती दगावली. हा आकडा आम्ही अनेकदा वाचला, तथापि तो वाचून पुढे जाणे अद्याप जमलेले नाही. तीस वेळा त्या घरात कोणीतरी मेलेले किंवा मरू घातलेले मूल हातात धरले असेल आणि त्याच हातांनी मातेचे रक्त पुसले असेल. वाचलेल्यांपैकी यशवंत ह्यास फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. नाळ कापल्यापासून सावित्रीबाईंनी त्याचे संगोपन केले, अशा अर्थाचा उल्लेख जोतीरावांच्या मृत्युपत्रात आहे. सावित्रीबाईंस आद्य शिक्षिका म्हणून सर्व जाणतात. सूतिकापरिचर्येच्या पुण्यातील इतिहासातही त्यांचे स्थान पहिल्या पानावर आहे, हे कमी जण सांगतात. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. प्लेगाच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा अंत झाला.

त्याच काळात ह्याच शहरात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांचे उदाहरण घ्यावे. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि अर्भक दहा दिवसांत गेले. त्यांनी १८८६ साली अमेरिकेत पदवी घेतली. प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र हाच निवडला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यातच निवर्तल्या. त्यांच्या हातून घडावयाचे काम राहूनच गेले.

डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीने उभारलेले रुग्णालय १८६७ साली सुरू झाले होते. तथापि उच्चवर्णीयांच्या मुली-सुनांनी तेथे परिचारिका म्हणून जावे ही कल्पनाही पेठांतून कोणास सोसणारी नव्हती. रात्रीची नोकरी, परपुरुषांचा वावर, सर्व जातींच्या बायकांचा विटाळ, एवढी कारणे त्यास पुरेशी होती. ती कोंडी १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने फोडली. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनी स्त्रियांस परिचर्येच्या शिक्षणाकरिता ससून रुग्णालयात धाडण्यास आरंभ केला, आणि त्यांत विधवा पुष्कळ होत्या. संस्थेच्या एका समारंभात अशी एक विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली तेव्हा विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाईंनी भर सभेत त्यांची कानउघाडणी केली. हुर्यो करणारे ते सुशिक्षित तरुण पुढे पुण्यात बाप झाले असतील. त्यांच्या मुलांस पहिले न्हाऊ कोणी घातले, हे त्यांनी पाहिले असेल काय?

आमचा मुद्दा इतकाच की, जिला वाड्यातल्या बारशास बंदी, तिच्याच हाती सेवासदनाने शहरातील नवजात बालके दिली, आणि तीही आश्रित म्हणून नव्हे, तर वेतन व प्रमाणपत्र देऊन. रोजची कृतीच तेथे सुधारणा ठरली.

ह्या कृतीचे स्वरूप इतिहासलेखकांस ठाऊक नसते म्हणून थोडे सांगतो. प्रसूती झाली की सुटलो असे घरच्यांस वाटते. परिचारिकेची परीक्षा तेथून सुरू होते. पहिले दोन तास ती दर पाव तासाने बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळून कठीण झाले आहे की नाही हे पाहते, नाडी मोजते, पांघरूण वर करून रक्तस्राव पाहते. कारण अतिस्राव होणारी बाई ओरडत नाही, पांघरुणाखाली मुकाट्याने क्षीण होत जाते. त्याच वेळी अर्भकाचा श्वास, रंग व ऊब पाहावयाची, ते आईच्या उघड्या छातीशी द्यावयाचे, नाळ कोरडी ठेवावयाची. सूतिकाज्वराने एके काळी किती माता नेल्या ह्याची गणती नाही. १८४७ साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस ह्याने दाखविले की, शवच्छेद करून आलेल्या डॉक्टरांच्या कक्षात मृत्यू अधिक व सुइणींच्या कक्षात कमी. आणि क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करताच ते घटले.

सहाव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी लिहिते, म्हणून कोरा कागद व बोरू ठेवण्याची आपली चाल आहे. इस्पितळात रात्री लिहिणारी दुसरीच असते, आणि तिचे लेखन तासातासाचे असते: ताप इतका, नाडी इतकी, बाळाचे वजन इतके, दूध पाजले. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात आल्या तेव्हा ते एक लहान प्रसूतिगृहच होते. त्यांच्या कार्याची नोंद जगाने १९९३ साली मॅगसेसे पारितोषिक देऊन घेतली, व ते यथायोग्यच झाले. परंतु त्या व तत्सम प्रसूतिगृहांतील रात्रपाळीच्या वह्या, हजेरीपट, सेवासदनातून शिकून गेलेल्या बायकांची पत्रे, ह्यांस अद्याप कोणी 'साधन' मानलेले नाही. एखाद्या इनामाच्या सनदेकरिता आम्ही मंडळी उन्हातान्हात कोसच्या कोस हिंडलो. ह्या वह्या मात्र आमच्या डोळ्यांदेखत रद्दीवाल्याच्या तागडीत जात राहिल्या. ह्या दोषात आम्हीही वाटेकरी आहोत.

ज्यांच्या घरी आजी, पणजी किंवा आत्या परिचारिका अथवा सुईण होती, त्यांनी तिची प्रमाणपत्रे, वह्या, छायाचित्रे, किंवा निदान तिच्या तोंडून ऐकलेली हकीकत सालासह लिहून संपादकांकडे धाडावी. मूळ कागद नक्कल करून घेऊन परत केले जातील.