धूम्रपानमुक्तीची इंजेक्शने

विडी, सिगारेट किंवा अन्य तंबाखूची ओढ तोडण्यासाठी टोचली जाणारी औषधे व लसी. लोबेलिन, ॲट्रोपीन-स्कोपोलामीन आणि निकोटीनविरोधी लस हे त्यांचे मुख्य प्रकार. यांपैकी एकाचाही टिकाऊ गुण सिद्ध झालेला नाही.

प्रकार : लोबेलिया वनस्पतीतील लोबेलिन हे द्रव्य मेंदूत निकोटीनच्याच ग्राहींवर काम करते. त्यामुळे १९३० च्या दशकात ते वापरून पाहण्यात आले. १९५० च्या दशकात स्टॉकहोममध्ये बोर्जे एय्रुप यांनी लोबेलिनची इंजेक्शने देणारी धूम्रपानमुक्ती चिकित्सालये चालवली. मात्र त्याने सुटलेली सिगारेट कायमची सुटते, असा पुरावा पुढे मिळाला नाही.

अमेरिकेतील काही खासगी दवाखान्यांनी ॲट्रोपीन व स्कोपोलामीन यांची इंजेक्शने दिली. हीच द्रव्ये धोतऱ्यातही असतात. ती ज्या ग्राहींना अडवतात, ते निकोटीनच्या ग्राहींहून वेगळे आहेत. परिणामी निकोटीनचे काम चालूच राहते आणि रुग्णाच्या वाट्याला कोरडे तोंड, अंधुक दृष्टी, लघवी अडणे व भ्रम येतो. काचबिंदू असलेल्यांना ती विशेष धोक्याची ठरतात.

लसीमागील कल्पना अधिक शास्त्रीय होती. निकोटीनचा रेणू इतका लहान असतो की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची दखल घेत नाही. तो मोठ्या प्रथिनाला जोडून टोचला की प्रतिपिंडे तयार होतात. ती रक्तातील निकोटीनला धरून ठेवतात आणि मेंदूपर्यंत पोचू देत नाहीत. ‘निकव्हॅक्स’ ही लस तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेली, पण २०११ मध्ये ती नुसत्या दिखाऊ इंजेक्शनाहून सरस ठरली नाही. अनेकांमध्ये प्रतिपिंडे पुरेशी बनली नाहीत. शिवाय सोडताना होणारी तगमग लसीने शमत नाही.

नांदेड व लातूर : या दोन जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांत सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही ही समजूत अजून पक्की आहे. म्हणून ‘एका सुईत व्यसन बंद’ हा दावा लोकांना चटकन पटतो. त्यातही येथील मूळ दुखणे धुराचे कमी आणि तोंडातल्या तंबाखूचे जास्त आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. चंचीतून चिमूट काढायची, तळहातावर चुना लावून अंगठ्याने मळायची, थापटून भुकटी उडवायची आणि बार ओठाआड धरायचा, ही सवय शेतात, एसटी स्टँडवर, ऊसतोडीच्या फडावर सारखीच दिसते. चुन्याच्या अल्कधर्मामुळे निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या अस्तरातून रक्तात लवकर उतरते. भूक मारायला, थकवा घालवायला, सकाळी पोट साफ व्हायला म्हणून तंबाखू खाल्ली जाते. बायकांमध्ये मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू, असते. ही कारणे विचारल्याशिवाय उपचार लागू पडत नाही.

याच नांदेडात तंबाखू वर्ज्य मानणारी परंपराही आहे. शिखांचे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथे निधन झाले. त्यांनी स्थापलेल्या खालसा पंथाच्या आचारसंहितेत तंबाखूला मनाई असून येथील हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. सारा समाज जेव्हा एखादी गोष्ट नाकारतो, तेव्हा एकट्यादुकट्याचा निश्चय टिकणे सोपे जाते.

प्रमाणित उपचार : जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये समुपदेशनासोबत वॅरेनिक्लिन, निकोटीनचे च्युइंगगम व पट्टी, बुप्रोपिऑन आणि सायटिसीन यांची शिफारस केली. तंबाखू चघळणाऱ्यांसाठी समुपदेशनासह वॅरेनिक्लिन किंवा निकोटीनपर्यायी उपचार सुचवले. गम सतत चावायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा असतो. वॅरेनिक्लिन व बुप्रोपिऑन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत सल्ला मिळतो. नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातील मोठी सरकारी रुग्णालये आहेत. तेथील मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे.

तंबाखू सोडल्यावर पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. चिडचिड, बेचैनी, झोपमोड दोन-चार आठवड्यांत ओसरते आणि तलफेची प्रत्येक लाट सहसा काही मिनिटांचीच असते. हा काळ औषध व घरच्यांच्या साथीने निभावता येतो. मधेच पुन्हा तंबाखू घेतली गेली तर रुग्णाला दोष न देता उपचार नव्याने सुरू करावेत. पुष्कळांना एकाहून अधिक प्रयत्नांनंतरच यश येते.