पाण्याच्या पडद्याआडचा दिवा

दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खास पाहून झाला की बहुतेक मंडळी माघारी फिरतात. तिथून थोडं उत्तरेला हयात बक्ष बाग आहे. बागेच्या दोन टोकांना संगमरवराचे दोन मंडप समोरासमोर उभे आहेत. एकाचं नाव सावन, दुसऱ्याचं भादों. म्हणजे आपले श्रावण-भाद्रपदच. जिथून पाणी खाली पडायचं तिथल्या भिंतीत छोट्या कमानदार कोनाड्यांच्या ओळी आहेत, जुन्या वाड्यातल्या देवळ्यांसारख्या. आज ते रिकामे आहेत, म्हणून नुसती नक्षी वाटतात. पण या कोनाड्यांत रात्री दिवे लागायचे आणि त्यांच्यापुढून पाण्याची चादर कोसळायची. अशा भिंतीला ‘चिनीखाना’ म्हणतात.

नावात चीन आला तो भांड्यांमुळे. पंधराव्या शतकात समरकंदचा राज्यकर्ता उलुग बेग याने तिथल्या बागेत एक दालन बांधलं आणि त्याच्या भिंतींना लावायला चिनी माती थेट चीनहून मागवली. बाबराने आपल्या आठवणींत त्या चिनीखान्याची नोंद केली आहे. पुढे इराणात अर्दबीलच्या दर्ग्यात शाह अब्बासने हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली, तेव्हा ती मांडायला भिंतभर कोनाडे केले गेले, तेही सुरई-वाडग्यांच्या आकारांत कातलेले. म्हणजे मुळात ही मिरवायच्या भांड्यांची मांडणी. तिचा पाण्याशी काही संबंध नव्हता आणि अंधाराशी तर नव्हताच.

तो जुळला हिंदुस्थानात. इथल्या मैदानी उन्हाळ्यात दुपारी बागेत बसणार कोण? दरबाराची बाग खुलायची ती दिवेलागणीनंतर. भांड्यांचे कोनाडे दालनातून उचलून धबधब्याच्या मागे नेण्याची कल्पना नेमकी कोणा एकाच्या नावावर लावता येणार नाही; पण शाहजहानच्या काळात ती पुरती रुळलेली दिसते. लाहोरचा शालिमार 1641-42 मधला. त्याच्या मधल्या आणि खालच्या टप्प्याच्या सांध्यावर असाच सावन-भादों मंडप आहे. दिवसा कोनाड्यांत फुलांनी भरलेल्या सोन्याच्या फुलदाण्या आणि रात्री त्याच जागी दिवे, अशी दरबारी वर्णनं आहेत. भिंत एकच, पण पाळी बदलायची.

यातली करामत दिसते तितकी सोपी नाही. पाणी भिंतीला लगटून उतरलं तर वात विझलीच म्हणून समजा. म्हणून वरचा दगड वळचणीसारखा पुढे काढायचा, म्हणजे पाणी कोनाड्यापासून हातभर लांब पडतं. पाणी जास्त सोडलं की फेसाने ज्योत झाकली जाते. कमी सोडलं की चादर फाटते. आणि हे सगळं पंपाशिवाय, बागेच्या चढउतारावर, वरच्या टाक्यांतल्या पाण्याच्या जोरावर. नीट जमलं की ज्योत आपल्या जागी स्थिर असते, हलतं ते पाणी. पाहणाऱ्याला मात्र सगळी भिंतच लखलखत असल्याचा भास होतो.

हे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत फ्रेंच वैद्य बर्निए होता. औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर तो 1665 मध्ये काश्मिरात पोचला. अचबलच्या बागेतल्या तीस-चाळीस पावलं रुंद पडणाऱ्या पाण्याच्या चादरीबद्दल त्याने लिहिलं आहे, आणि रात्री तिच्यामागे भिंतीत असंख्य दिवे लागले की तिचं रूप काही और होतं, हेही आवर्जून सांगितलं आहे. मुघल वैभवावर एरवी सडकून टीका करणारा हा माणूस. त्यामुळे त्याची ही दाद मला दरबारी कवींच्या स्तुतीपेक्षा वजनदार वाटते.

पुढची कथा उतरणीची. 1857 नंतर इंग्रजांनी लाल किल्ल्यातला बराच भाग पाडून बराकी उठवल्या. हयात बक्षची डागडुजी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली, पण दिवे परतले नाहीत. लाहोरला तर 1999 मध्ये रस्ता रुंद करताना कारंज्यांना पाणी पुरवणाऱ्या जुन्या टाक्याच तोडल्या गेल्या.

वंश मात्र खुंटला नाही. काश्मीरच्या शालिमारवरून म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान उभारलं. ते 1932 मध्ये पूर्ण झालं. तेलवातीची जागा विजेच्या रंगीत दिव्यांनी घेतली. म्हैसूर-उटीच्या सहलीला गेलेल्या किती मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये ती लाल-हिरवी कारंजी असतील! त्याच वृंदावनच्या धर्तीवर जायकवाडीच्या नाथसागराकाठी, पैठणला ज्ञानेश्वर उद्यान झालं. समरकंद ते पैठण अशी ही वंशावळ आहे.

पण या प्रवासात दिवा पाण्यामागून पुढे आला. रंग मोठा झाला, त्याला गाण्याची जोड मिळाली, आणि अंधाराला काम उरलं ते फक्त शो सुरू होईपर्यंत थांबण्याचं. चिनीखान्यातली ज्योत इतकी लहान होती की भोवतीची बाग काळोखातच राहायची. तिथे काळोख हाही बागेच्या आराखड्याचाच भाग होता. आजच्या उद्यानांत खांबाखांबावर एलईडी ठोकणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट जरी उचलली, तरी वीजबिलही कमी येईल आणि बागेला रात्रही परत मिळेल.