घोडीचं गोत्र

2002 च्या शेवटी कामानिमित्त जर्मनीत गेलो आणि पुढचं दीड वर्ष हॅम्बुर्गच्या वायव्येला एल्म्सहॉर्न नावाच्या गावाजवळ राहिलो. शहरातलं भाडं परवडेना म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरात माडीवरची खोली घेतली होती. घरमालक सत्तरी ओलांडलेले. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचो. तोंडावर अर्थातच 'हेर' अमुक तमुक. जर्मनीत वर्षानुवर्षं शेजारी राहूनही लोक एकमेकांना अहो-जाहो करतात, त्यामुळे पुणेरी वळणाच्या माणसाला तिथे फार अवघडल्यासारखं होत नाही.

आजोबांकडे गायी होत्या, त्या त्यांनी विकल्या होत्या. उरली होती ती एक घोडी. पंधरा वर्षांची, गडद तपकिरी, दांडगी. हिवाळ्यात संध्याकाळी चार वाजता अंधार पडायचा आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडलं जायचं. पैदाशीच्या घोड्यांची यादी! प्रत्येक पानावर एक घोडा, त्याचा फोटो आणि खाली चार पिढ्यांची वंशावळ. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून ते वाचायचे, खुणा करायचे, खोडायचे. आमच्याकडे मुलीसाठी स्थळं बघताना वडीलमंडळी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसतात, अगदी तसंच.

"यातला सगळ्यात चांगला कुठला?" मी एकदा विचारलं. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न चुकला हे मला लगेच कळलं. "चांगला कुणासाठी?" ते म्हणाले.

या दोन शब्दांच्या मागे त्या प्रदेशाचा बराच इतिहास आहे, हे मला हळूहळू समजत गेलं.

होल्स्टाइन म्हणजे एल्बे नदीच्या आसपासचा सखल, ओलसर, चिकणमातीचा मुलूख. तिथल्या मठांमध्ये तेराव्या शतकापासून घोडे पाळले जात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून यॉर्कशायरकडचे गाडीचे घोडे आणून इथल्या घोड्यांत मिसळले गेले आणि बग्गीला, तोफगाड्याला जुंपायला योग्य असा उंच, जड, शांत घोडा तयार झाला. त्याच शतकाच्या शेवटी शेतकऱ्यांनी आपापसात संघटना काढून नोंदवह्या सुरू केल्या. यात एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी घराण्यांना क्रमांक दिले ते घोड्यांच्या नव्हे, घोड्यांच्या आयांच्या वंशाला. अशा घराण्याला ते 'स्टाम' म्हणतात, म्हणजे झाडाचं खोड. बापाच्या नावाचा कितीही बोलबाला असो, होल्स्टाइनचा जुना शेतकरी आधी विचारतो, "स्टाम कितवा?" गोत्रच हे, फक्त आईकडून चालणारं. आपल्याकडे 'खाण तशी माती' म्हणतात, पण नोंद मात्र बापाचीच ठेवतात. असो.

मग दुसरं महायुद्ध संपलं आणि शेतात ट्रॅक्टर आले. सैन्याला घोडा नको, शेताला नको, बग्गीला तर नकोच. पन्नासच्या दशकात घोड्या कसायाकडे जाऊ लागल्या. 1960 साली सरकारने ट्राव्हेंटालची आपली अश्वशाळाही बंद केली. तोवर पैदाशीच्या घोड्या हजार-दीड हजारच्या आसपास उरल्या होत्या. घोडा टिकायचा तर त्याला नवं काम शोधणं भाग होतं, आणि काम एकच दिसत होतं: खेळ. स्वारासकट अडथळ्यांवरून उड्या मारणं.

उडी या घोड्यांत होतीच. फ्रिट्झ थीडेमान यांचा मेटेओर हा जुन्या वळणाचा जाड होल्स्टाइनर. लोक लाडाने त्याला 'जाड्या' म्हणत. 1952, 1956 आणि 1960 अशा तीन ऑलिंपिकमध्ये त्याने पदकं मिळवली. पण तो खच्ची केलेला होता! त्याच्यासारखा दुसरा हवा असला तरी त्याच्याकडून मिळण्याची सोयच नव्हती.

1956 च्या त्याच जर्मन संघात हाला नावाची घोडी होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइनच्या नियमांमुळे त्या वर्षी घोड्यांच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या. हान्स ग्युंटर विंकलर यांचा जांघेतला स्नायू पहिल्या फेरीत दुखावला. दुसऱ्या फेरीत त्यांना धड बसवतही नव्हतं. हालाने त्यांना जवळजवळ नुसतं वाहून नेलं, एकही अडथळा पाडला नाही आणि दोन सुवर्णपदकं आणली. हाला काही होल्स्टाइनर नव्हती. तिचा बाप गाडी ओढत दुडक्या चालीने शर्यत पळणाऱ्या जातीचा, आई युद्धात फ्रान्सहून आलेली, कुळाचा पत्ता नसलेली. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, त्यात या घोडीचीही भर घालायला हरकत नाही. पुढे हालाला आठ शिंगरं झाली. एकही तिच्या जवळपास पोचलं नाही.

आजोबा हालाची गोष्ट वारंवार सांगत, आणि मला वाटतं ती स्वतःलाच बजावण्यासाठी. घोडी महान आहे म्हणून पोर महान निघत नाही. घोडा महान आहे म्हणूनही नाही.

तर होल्स्टाइनच्या मंडळींनी जड घोड्यांना हलकं करायचं ठरवलं आणि शर्यतीचे थरोब्रेड घोडे आणले. त्यातला लेडीकिलर इंग्लंडचा, 1961 चा जन्म. त्याने लांडग्राफ आणि लॉर्ड हे दोन मुलगे दिले आणि ते दोघेही उड्या मारणाऱ्या घोड्यांचे मोठे बाप ठरले. पण हे जमलं ते समोरच्या घोड्या जुन्या, हाडापेराने मजबूत होत्या म्हणून. आधीच सडपातळ असलेल्या घोड्यांवर तोच लेडीकिलर वापरला असता तर कदाचित शर्यतीतून बाद होणारी काटकुळी शिंगरं मिळाली असती.

ताकद आली, वेग आला, तरी अंगात लवचीकपणा कमी होता. अडथळ्यावरून जाताना पाठ कमानीसारखी व्हावी, पुढचे पाय हनुवटीखाली घट्ट दुमडावेत, ते होईना. 1971 साली होल्स्टाइनची माणसं फ्रान्सला गेली आणि तीन वर्षांचा एक घोडा घेऊन आली. कॉर द ला ब्रिएर. फ्रान्सच्या सरकारी अश्वशाळांनी त्याला घेतलं नव्हतं! होल्स्टाइनमध्ये मात्र तो बरोबर कुलपात किल्ली बसावी तसा बसला. डेका, टाबेले अशा घोड्यांपासून त्याला झालेले मुलगे आज जगभरच्या वंशावळींत दिसतात. त्या मुलांचं कौतुक करताना डेका आणि टाबेले यांची नावं मागे पडतात, पण आजोबांच्या तोंडी तीच आधी यायची.

त्यानंतर काटा परत फिरला. घोडे फार नाजूक होऊ लागले तेव्हा 1975 साली जन्मलेला करडा, भक्कम कॅपिटॉल उपयोगी पडला. त्याचा नावाजलेला मुलगा कासिनी. कासिनीची आई विस्मा, तिचा बाप डेकाचा मुलगा, म्हणजे कॉर द ला ब्रिएरचा नातू नव्हे, थेट मुलगाच. एकेका पिढीत काय कमी पडतंय ते पाहून पुढचा घोडा निवडला गेला. आपल्या भीमथडीच्या तट्टांतही भीमेकाठच्या काटक घोड्यांना अरबी रक्ताची जोड मिळाली होती, आणि मराठ्यांच्या घोडदळाने त्याचा फायदा घेतला. तिथे कुणी चार पिढ्यांची वही ठेवली असती तर किती बरं झालं असतं.

2003 च्या शरद ऋतूत आजोबा मला नॉयम्युन्स्टरला घेऊन गेले. तिथे तरुण घोड्यांची निवड होते. अडीच वर्षांची पोरं, स्वाराविना मोकळी सोडलेली, अडथळ्यांवरून उडतात आणि हजारो लोक श्वास रोखून बघतात. सगळे हवेतल्या घोड्याकडे बघत होते. आजोबा पुस्तकात आईचं नाव बघत होते. एक घोडा असा काही उडाला की सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी कोपराने ढोसलं तर म्हणाले, "भिंतीत उडी मारणं वेगळं आणि माणूस पाठीवर घेऊन सात वर्षं रोज मारणं वेगळं."

खरा पेच त्या हिवाळ्यात आला. आजोबांची घोडी लांडग्राफची मुलगी. ताकद भरपूर, काळीज मोठं, पण उडीत पुढचे पाय लोंबायचे. एक व्यापारी घरी आला. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका तरुण घोड्याचं बीज वापरलंत, तर शिंगरू पोटात असतानाच विकत घेतो म्हणाला. आकडा ऐकून आजी खुर्चीवर बसल्या. गोठ्याचं छप्पर गळत होतं, त्याचा सगळा खर्च निघाला असता. पण तो घोडाही आडदांड, ताकदीचा, पायांनी थोडा ढिलाच. आजोबांच्या मनात होता कॉर द ला ब्रिएरचा एक म्हातारा मुलगा. फी कमी, फॅशन संपलेली, त्याच्या शिंगराला व्यापाऱ्याने निम्मीही किंमत दिली नसती.

दोघांचं त्यावर भांडण झालं. मला जर्मन बेताचीच येत असली तरी भांडण कळायला भाषा लागत नाही. आजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अकरा महिने पोटात, तीन वर्षं कुरणात, मग शिकवणी. निवड बरोबर की चूक हे कळायला आठ-दहा वर्षं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने दहा वर्षांचा हिशेब का मांडावा?

"दोन पहिलवानांचं लग्न लावून नर्तक होत नाही," आजोबा म्हणाले आणि एल्म्सहॉर्नला फोन लावला. एप्रिलमध्ये बीजाची डबी गाडीतून आली. घोडा काही आम्ही पाहिलाच नाही. मी मे महिन्यात पुण्याला परतलो.

2005 च्या वसंतात कार्ड आलं, मादी शिंगराचा फोटो, कपाळावर पांढरा टिळा. मागे आजोबांच्या अक्षरात स्टामचा क्रमांक, बाकी एक शब्द नाही. ते 2009 साली गेले. तोवर ती चार वर्षांची झाली होती, आणि पाठीवर स्वार घेऊन तिने मारलेली उडी काही त्यांनी पाहिली नाही.

2013 मध्ये त्यांच्या मुलीची ईमेल आली. घोडी विकलेली नाही, नात तिच्यावर जिल्ह्याच्या स्पर्धांना जाते. आईइतकी ताकद नाही, मोठ्या स्पर्धांना पुरायची नाही. पण पुढचे पाय हनुवटीखाली दुमडते. सोबत एक फोटो होता, आणि खरोखर, गुडघे अगदी छातीशी. खाली लिहिलं होतं की पुढच्या वर्षी तिच्यासाठी घोडा निवडायचा आहे, आणि बाबांच्या खुणा केलेली पुस्तकं माडीवर तुमच्या खोलीतच आहेत. छपराबद्दल काही लिहिलं नव्हतं.