बाप एक असूनही

सर्व माणसे आदाम-हव्वा या एकाच जोडप्याची लेकरे, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. ब्रह्मदेवाच्या मुखातून नि पायातून वेगवेगळे जन्म सांगणाऱ्या शास्त्राखाली पिचलेल्या आपल्या माणसाला ही कथा जवळची वाटते. पण कूळ एक मानल्याने माणूस मुक्त होतो काय? अमेरिकेचा इतिहास काय सांगतो ते पाहू.

तेथील बहुतेक गुलाममालक बायबल मानणारेच होते. त्यांनी आदाम नाकारला नाही. नोहाच्या शापाची कथा पुढे केली. मूळ कथेत शाप हामला नाही, त्याच्या मुलाला, कनानला आहे. काळ्या रंगाचा तर उल्लेखही नाही. तरी काळी माणसे हामचे वंशज म्हणून गुलाम ठरली.

दुसरीकडे जोसाया नॉट आणि जॉर्ज ग्लिडन यांनी १८५४ साली ‘टाइप्स ऑफ मॅनकाइंड’ या ग्रंथात मानववंशांचे उगमच वेगळे असल्याचे मांडले. नॉट स्वतः गुलामांचा मालक. बाप एक असो वा अनेक, बेडी तीच!

त्याच वर्षी १२ जुलैला ओहायोतील वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजात फ्रेडरिक डग्लस बोलले. गुलामीत जन्मलेल्या या माणसाने मानवजातीच्या एकतेची बाजू लढवलीच. पण उगम वेगळा ठरला तरी निग्रोचे माणूसपण उणे होत नाही, असेही बजावले.

आजचे जनुकशास्त्र आपले पूर्वज एका जोडप्यात नव्हे, हजारोंच्या समूहात शोधते. डग्लस यांचा युक्तिवाद त्याने ढळत नाही. समतेचा हक्क वंशावळीवर टांगायचा नसतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. कूळ सांगणाऱ्यांना नव्हे.