व्यस्त लाप्लास रूपांतर

व्यस्त लाप्लास रूपांतर : एखाद्या फलनाचे लाप्लास रूपांतर ज्ञात असता त्यावरून मूळ फलन शोधून काढण्याची क्रिया. कालावर अवलंबून असलेल्या फलनास ऱ्हासमान घातीय फलनाने गुणून शून्यापासून अनंतापर्यंत समाकलन केले म्हणजे नव्या चलातील फलन मिळते. हे सरळ रूपांतर होय. त्यामुळे स्थिर गुणकांच्या रैखिक अवकल समीकरणाचे साधे बैजिक समीकरण बनते. मात्र त्याचे उत्तर पुन्हा कालाच्या परिभाषेत आणल्याखेरीज निरुपयोगी असते. या विषयाचा इतिहास मुख्यत्वे या परतीच्या वाटेचा इतिहास आहे.

असे समाकल एल. ऑयलर यांच्या लेखनात व पुढे पी. एस. लाप्लास (१७४९–१८२७) यांच्या संभाव्यतेवरील कार्यात आढळतात. बी. रीमान यांनी १८५९ मध्ये अविभाज्य संख्यांवरील निबंधात व्यस्त समाकलाचाच आधार घेतला. विद्युत् मंडलांसाठी मात्र ही वाट ऑलिव्हर हेव्हिसाइड (१८५०–१९२५) यांनी जवळजवळ अंतःप्रेरणेने शोधली. अवकलनाची क्रिया ही जणू एखादी संख्याच आहे असे मानून ते तिने भागत. त्यांची उत्तरे बरोबर येत, पण सिद्धता नसे. त्यांच्या लेखमालेचे दोन भाग छापल्यावर रॉयल सोसायटीने १८९४ मध्ये तिसरा नाकारला. हा निर्णय आज कठोर वाटतो. तथापि ही रीत कोणत्या अटींवर चालते, हे हेव्हिसाइड यांनी सांगितले नव्हते, हेही खरे.

ही उणीव टी. जे. ब्रॉमविच यांनी १९१६ मध्ये भरून काढली. सदसत् प्रतलातील उभ्या रेषेवर, सर्व ध्रुव डावीकडे ठेवून, समाकलन केले असता मूळ फलन परत मिळते. प्रत्येक साध्या ध्रुवामागे उत्तरात एक घातीय पद येते. दोन संतत फलनांचे रूपांतर एकच असेल, तर ती फलने एकच असतात, हे एम. लर्च यांनी त्यापूर्वीच सिद्ध केले होते. या एकमेवतेशिवाय रूपांतरांच्या कोष्टकांवर विसंबता आले नसते.

पालघर जिल्ह्यातील मुरबे गावाच्या उत्तरेस, त्याच किनारपट्टीवर, तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. अणुभट्टीच्या गतिकीत ध्रुवांचा अर्थ प्रत्यक्ष दिसतो. युरेनियम-२३५ च्या भंजनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी सु. ०·६५ टक्के विलंबाने बाहेर पडतात व त्यांचे सहा गट मानतात. प्रतिक्रियाशीलता एकदम बदलली असता व्यस्त रूपांतराने सात घातीय पदे मिळतात. भट्टी बंद करताना न्यूट्रॉनांची संख्या प्रथम झपाट्याने घसरते. नंतर मात्र ती दर सु. ५५ सेकंदांस निम्मी होण्याइतक्याच वेगाने घटते. सर्वांत दीर्घायुषी गटाचे अर्धायुष्य तेवढे आहे व शून्याला सर्वांत जवळचा ध्रुव तोच ठरवितो. नियंत्रक दांडे कितीही आत ढकलले, तरी ही अंतिम गती वाढत नाही.

रूपांतर केवळ मोजमापांवरून ज्ञात असेल, तर व्यस्त क्रिया दगा देते. सरळ समाकलनात फलनाचे बारकावे पुसट होतात; उलट येताना मोजणीतील क्षुल्लक चूक अनेकपटींनी फुगते. ई. एल. पोस्ट यांच्या १९३० च्या सूत्रास सदसत् संख्या लागत नाहीत, परंतु अतिउच्च क्रमांचे अवकलज लागतात. रूपांतराचे सूत्र हाती असेल, तर ए. टॅलबट यांची १९७९ ची पद्धती सोयीची ठरते. तीत ब्रॉमविच यांची उभी रेषा डावीकडे वाकविल्याने समाकल्य झपाट्याने लहान होते आणि थोड्या बिंदूंवर भागते.