बुळकांडी, लिआँ आणि कोंबडीची पसंती

बारावीनंतरच्या वाटा सांगताना आपण पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे नाव बहुधा सर्वांत शेवटी घेतो. वैद्यकीयचा प्रवेश हुकला तर 'गुरांचा डॉक्टर', असा एक हिशेब आपल्या मनात असतो. हे शिक्षण महाविद्यालयात आले ते मात्र एका भयंकर साथीच्या धाकाने.

अठराव्या शतकात बुळकांडीने युरोपातील गोठे पुन्हा पुन्हा रिकामे केले. ताप, तोंडात व्रण, हगवण आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, असा हा रोग. आजारी जनावरे मारून पुरावीत आणि गुरांची ने-आण थांबवावी, असा सल्ला पोपचे वैद्य लान्चीसी यांनी १७१५ साली ग्रंथात मांडला. सल्ला अचूक होता, पण तो गोठ्यापर्यंत नेणार कोण? गुरांवर उपचार करीत ते नालबंद आणि गुराखी. रक्त काढणे आणि डागणे हे त्यांचे नेहमीचे उपाय. (डागण्या आपल्याकडेही होत्याच, तेव्हा हसण्याचे कारण नाही.)

क्लोद बूर्जला हा लिआँ शहरातील अश्वारोहण शाळेचा प्रमुख. घोडा नीट चालत नसेल तर दोष कोणत्या स्नायूत, कोणत्या सांध्यात आहे, हे शोधता शोधता तो शरीररचनाशास्त्राकडे वळला. फ्रान्सच्या राजाचे अर्थमंत्री बेर्तां त्याचे स्नेही होते. ऑगस्ट १७६१ मध्ये त्याला शाळा काढण्याची परवानगी मिळाली आणि १७६२ च्या आरंभी एका जुन्या सराईच्या इमारतीत जगातील पहिली पशुवैद्यकीय शाळा सुरू झाली. तेथील विद्यार्थ्यांना लवकरच साथीच्या गावी पाठवले जाऊ लागले. परदेशांतूनही विद्यार्थी आले. त्यांपैकी आबिल्डगोर याने १७७३ मध्ये कोपनहेगनला, तर लिनियसचा शिष्य हेर्नक्विस्ट याने १७७५ मध्ये स्वीडनमध्ये स्कारा येथे शाळा काढली.

लंडनची कथा जरा उलटी आहे. तेथील महाविद्यालय १७९१ मध्ये लिआँचाच पदवीधर सेनबेल याच्या हाताखाली निघाले. पण दोनच वर्षांत तो वारला. त्याच्या जागी आलेला कोलमन हा माणसांचा शल्यवैद्य. त्याने तीन वर्षांचा अभ्यासक्रम काही महिन्यांवर आणला, आणि भर राहिला घोड्यांवर. गाय-बैल जवळजवळ बाहेरच! १८६५ मध्ये बुळकांडी ब्रिटनमध्ये शिरली तेव्हा नाना औषधे करून पाहण्यात मोलाचे महिने गेले. अखेर १८६६ मध्ये कायदा करून लान्चीसीचा जुनाच मार्ग धरावा लागला. आमच्या मते अभ्यासक्रम कापण्याची किंमत दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल.

मुंबईत १८८६ साली परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयाच्या सोबतीने महाविद्यालय सुरू झाले. पुढे लसी आल्या. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत बकऱ्यांमधून विषाणू सौम्य करून केलेली लस, नंतर केनियात प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनातून बनवलेली लस. आणि २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

पण रोग नसणे म्हणजे जनावर सुखी असणे का? हा प्रश्न महाविद्यालयाबाहेरून आला. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांनी १९६४ मध्ये पिंजऱ्यांत कोंबून वाढवलेल्या कोंबड्या-वासरांवर पुस्तक लिहिले. त्यावर गदारोळ झाल्याने प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांची समिती नेमली गेली. पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी नको, जाड तारेची असावी, अशी समितीची एक शिफारस होती. बारीक तार पायाला रुतत असणार, हे आपल्यालाही पटते. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक यांनी एक साधी गोष्ट केली: त्यांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली. कोंबड्यांनी पसंत केली ती बारीक जाळी! तिच्यावर पायाला अधिक ठिकाणी आधार मिळतो. अर्थात एखादी जाळी निवडली म्हणजे पिंजरा आवडला, असे नव्हे.  तरीही दया आणि मोजमाप या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रयोगाने दाखवले. पुढे प्राणी कोणत्या गोष्टीसाठी किती कष्ट घेतो हेही मोजले जाऊ लागले.

१९८६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागात प्राणिकल्याण या विषयाचे पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले आणि त्यावर डोनाल्ड ब्रूम यांची नेमणूक झाली. बूर्जलाची शाळा निघून तेव्हा सव्वादोनशे वर्षे होत आली होती, आणि परळच्या महाविद्यालयाने नुकतीच शंभरी गाठली होती.