झाडे तोडून पाणी राखताना

'झाडे लावा, पाणी वाढेल' असे आपण वर्गात सहज सांगून जातो. आम्हीही सांगत आलो आहोत. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले अनेक वनाधिकारीही असेच मानत. तिथल्या डोंगरांवर मुळात उंच झाडे फारशी नव्हती. 'फाइनबॉस' नावाची झुडपे होती. तिथे परदेशी पाइन लावले गेले. पण ओढे आटू लागल्याची तक्रार शेतकरी करू लागले.

खरे कोणाचे? १९३५ साली स्टेलेनबॉशजवळच्या योंकर्सहूक खोऱ्यात सी. एल. विख्ट यांनी हे मोजायला घेतले. शेजारशेजारच्या ओढ्यांचे पाणी मोजले जाऊ लागले. काहींच्या पाणलोटात टप्प्याटप्प्याने पाइन लावले, एक पाणलोट तसाच राखला. अनेक दशकांच्या नोंदींवरून दिसले, की पाइन वाढतात तसे ओढ्याचे पाणी घटते. उंच, दाट पाइन झुडपांपेक्षा जास्त पाणी बाष्परूपाने हवेत सोडतात. शिवाय त्यांचे पंखधारी बी वाऱ्याबरोबर दूरच्या कड्यांवर जाऊन रुजत होते.

१९९५ मध्ये मंत्री कादर अस्माल यांनी 'वर्किंग फॉर वॉटर' ही योजना सुरू केली. बेरोजगार स्त्री-पुरुषांच्या तुकड्या करवती घेऊन दुर्गम डोंगरांत अशी परदेशी झाडे तोडू लागल्या. हे काम एका फेरीत संपत नाही. पडलेले बी उगवते, पुन्हा डोंगर चढावा लागतो.

मग झाडे लावायची नाहीत का? जरूर लावावीत. पण कोणते झाड, कुठे, आणि तिथे आधी काय होते, हे खड्डा खणण्यापूर्वी मुलांनाच शोधायला सांगू या.